अंक चौथा, पडद्यासाठी: सोलापुरातल्या कामाच्या नोंदी

७ डिसेंबर २०२५

काम ठरलं. 'वॉचमेन' या बारा अंकी इंग्रजी कॉमिकचा फक्त चौथा अंक घ्यायचा आणि त्याचा बारा-पंधरा मिनिटांचा अ‍ॅनिमॅटिक करायचा. स्थिर चित्रं, मराठी निवेदन, ध्वनी, एवढंच. संकलन माझ्याकडे, चित्रं मैत्रिणीकडे, ध्वनी पूर्व भागातल्या मित्राकडे. मित्राच्या घरचा टॉवेल-चादरीचा कारखाना आहे आणि त्याच्याकडे रेकॉर्डरही चांगला आहे.

आधी हक्कांचं लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कुणी "यूट्यूबला टाकू की बे" म्हणायला नको. हक्क डीसी कॉमिक्सकडे आहेत. करार होताना लेखक अ‍ॅलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांना वाटलं होतं, की पुस्तक बाजारातून संपलं की हक्क आपल्याकडे परत येतील. पुस्तक संपलंच नाही, आजही छापलं जातंय. मूर यांनी सिनेमावर नाव लावू दिलं नाही आणि पैसेही नाकारले. तेव्हा आपला हा नुसता सराव. बाहेर दाखवायचा नाही, स्पर्धेला पाठवायचा नाही, मूळ पानं स्कॅन करून वापरायची नाहीत. चित्रं नव्यानं काढायची.

चौथाच का? बाराही अंकांत पडद्याला सगळ्यात जास्त नडणारा हाच. पुस्तकातला निळा सुपरहिरो डॉक्टर मॅनहॅटन मंगळावर एकटा बसलाय, हातात जुना फोटो आहे, आणि १९४५, १९५९, १९८५ सगळं त्याला एकदमच दिसतंय. आठवत नाही, दिसतंय. हे पडद्यावर कसं आणायचं एवढं कळलं तरी काम झालं.

१० डिसेंबर

आधीच्यांनी काय केलं ते दोन रात्री पाहिलं. मूळ बारा अंक १९८६-८७ मध्ये आले. सिनेमाची धडपड लगेचच सुरू झाली. टेरी गिलियमनी हात घातला आणि शेवटी हे सिनेमात मावायचं नाही, पाच तासांची मालिका लागेल, असं म्हणून सोडून दिलं. पुढे कितीतरी दिग्दर्शक आले-गेले. झॅक स्नायडरचा सिनेमा २००९ च्या मार्चमध्ये लागला, तोही फॉक्स आणि वॉर्नर यांची कोर्टातली भांडणं मिटल्यावर. चित्रपटगृहातली लांबी १६२ मिनिटं, दिग्दर्शकाची प्रत १८६ मिनिटांची, आणि पुस्तकातली चाच्यांची उपकथा ओवलेली सगळ्यात लांब प्रत २१५ मिनिटांची. लांबी वाढत गेली तरी तो एक प्रश्न तिथंच राहिला, असं माझं मत.

स्नायडरनी चौकटीच्या चौकटी जशाच्या तशा उचलल्या. मैत्रिणीनं पुस्तक मांडीवर ठेवून सिनेमा थांबवत थांबवत ताडून पाहिला. काही ठिकाणी हाताचा कोनसुद्धा तोच. आणि जिथे सगळ्यात मोठा बदल केला, तो शेवट: पुस्तकातला न्यूयॉर्कवर येऊन पडणारा अवाढव्य जीव काढला आणि दोष मॅनहॅटनवर जाईल असे स्फोट घातले. या बदलावरून लोक अजून भांडतात. मला तो चालतो. मला खटकतात त्या जशाच्या तशा चौकटी.

सिनेमात सगळ्यात जमलेला भाग कुठला, तर सुरुवातीची श्रेयनामावली. चाळीस वर्षांचा इतिहास पाच-सहा मिनिटांत, जवळजवळ थिजलेल्या दृश्यांतून. पुस्तकात हा मजकूर अंकांच्या मागे जोडलेल्या आत्मचरित्राच्या पानांत, कात्रणांत विखुरलाय. म्हणजे जिथे नक्कल करायला चौकटच नव्हती, तिथे सिनेमावाल्यांना स्वतः डोकं लावावं लागलं, आणि तोच भाग उजवा ठरला.

२००८ चा मोशन कॉमिकही पाहिला. मूळ चित्रं हलवलीत आणि सगळ्या पात्रांचे आवाज एकाच नटानं दिलेत, बायकांचेसुद्धा. आपल्या कामाला सगळ्यात जवळचं हेच, म्हणून नीट पाहिलं. अर्ध्या तासानंतर झोप येते. चित्र हलतंय, पण कशासाठी हलतंय ते कळत नाही.

१६ डिसेंबर

अंकाची साखळी भिंतीवर चिकटवली. मॅनहॅटनचा घड्याळजी बाप. १९४५, हिरोशिमाची बातमी. बाप काळ्या मखमलीवर मांडलेले घड्याळाचे सुटे भाग उचलून बाहेर फेकून देतो: आता अणूचे दिवस आले, घड्याळाचा धंदा कसला करतोस. म्हणून पोरगा भौतिकशास्त्र शिकतो. म्हणून १९५९ मध्ये प्रयोगशाळेत नोकरी. तिथे जेनी भेटते. न्यू जर्सीच्या पॅलिसेड्स पार्कात दोघांचा फोटो. तिच्या घड्याळाचा पट्टा तुटतो आणि एका जाड्या माणसाचा पाय त्या घड्याळावर पडतो. हा ते दुरुस्त करून कोटाच्या खिशात ठेवतो, कोट प्रयोगाच्या खोलीत राहतो, तो आणायला आत जातो, दार बंद होतं. आत प्रयोग सुरू होतो, हा नाहीसा होतो, आणि परत येतो तो मॅनहॅटन होऊन.

बारा मिनिटांत काय ठेवायचं यावर वाद. मित्राचं म्हणणं, व्हिएतनाम ठेवू, निळा राक्षसाएवढा माणूस युद्ध जिंकतोय, मजा येईल. माझं म्हणणं उलटं: व्हिएतनाम गेलं तरी चालेल, तो जाडा माणूस गेला तर काहीच उरत नाही. तो नसेल तर दार बंद होणं हा नुसता अपघात. तो असला की एका मनगटी पट्ट्यामुळे जगाचं राजकारण फिरलं असं होतं.

मैत्रीण म्हणाली, "सुपरहिरोची गोष्ट म्हणायची आणि सुपरहिरोगिरीच कापायची?" हो. तसंच.

२१ डिसेंबर

आज मोजमाप. पुस्तकातलं पान बहुतेक वेळा नऊ चौकटींचं, तीन बाय तीन. मैत्रिणीनं एक चौकट मोजली: उभी, रुंदीच्या साधारण दीडपट उंची. आपला पडदा आडवा, सोळा बाय नऊ. चौकट पडद्याच्या रुंदीला ताणून बसवली तर तिच्या उंचीचा एक तृतीयांशाहून थोडाच जास्त भाग दिसतो, म्हणजे डोकं किंवा पाय यातलं एकच काहीतरी निवडा. उंचीला बसवली तर दोन्ही बाजूंना काळोख. मोशन कॉमिकमध्ये कॅमेरा चित्रावरून सारखा वर-खाली का फिरत होता ते आत्ता कळलं.

मग मैत्रिणीनं सहज तीन उभ्या चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या. अख्खी एक ओळ. ती ओळ दोनास एक भरते, आणि पडदा पावणेदोनास एक. म्हणजे एक ओळ जवळजवळ एक पडदा! डावीकडे १९५९, मधे हातातला फोटो, उजवीकडे मंगळाची वाळू, आणि तिन्ही एकाच वेळी डोळ्यांसमोर. मॅनहॅटनला दिसतं तसं. रात्री अकराला आम्ही तिघं नाचायचेच बाकी होतो.

२२ डिसेंबर

सकाळी पाहिलं तर पडदा तीन तुकड्यांत असला की नजर नक्की कुठे ठेवायची ते कळत नाही, आणि दोन मिनिटांत दमायला होतं. पानावर आपण हवं तिथे थांबतो, मागे जातो, पुन्हा तोच फोटो पाहतो. इथे पुढची ओळ येऊन धडकते. तिहेरी पडदा तीन-चार जागीच ठेवायचा, जिथे फोटो हातात आहे, वाळूत पडणार आहे आणि पडलेला आहे. बाकी सगळं एकेक चित्र.

२८ डिसेंबर

आजची नोंद लांबणार.

ध्वनीची चाचणी घ्यायला मित्राच्या कारखान्यात गेलो. त्याचे वडील तिथेच होते. काकांनी आयुष्यभर चादरीचे ग्राफ काढलेत. जॅकार्डचं काम ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डिझाइन आधी चौकटीच्या कागदावर रंगवायचं, एक चौकोन म्हणजे एक धागा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. कार्डांची माळ मागावर चढली, की कुठला उभा धागा उचलायचा आणि कुठला खाली ठेवायचा ते भोकं ठरवतात.

मैत्रिणीची वही उघडी होती. काका वाकून म्हणाले, "काय बघायलाव? ग्राफच की हे."

नऊ चौकटींचं पान त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग विचारलं, "कापड कुठलं?" आम्हाला प्रश्न कळला नाही. तेव्हा त्यांनी जुना ग्राफ काढून दाखवला. त्यावरचा मोर चपटा होता, कुणीतरी डोक्यावर हात ठेवून दाबल्यासारखा. चादरीवरचा मोर मात्र छान उंच. इंचाला उभे धागे किती आणि आडवे किती, हे सारखं नसतं. चौकोनी कागदावर गोल काढलात तर कापडावर तो अंडाकृती होतो. म्हणून आधी कापड विचारायचं आणि त्या हिशोबानं ग्राफ मुद्दाम वाकडा काढायचा, म्हणजे कापडावर सरळ येतो. "कागदावर चांगलं दिसलं म्हणून तसंच उचललं की कापडावर बिघडतंय बघ," काका म्हणाले, आणि चहा सांगायला गेले.

मी मित्राकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघतोस काय बे, लहानपणापासून ऐकतोय मी हे."

गेले तीन आठवडे स्नायडरच्या चौकटींबद्दल जे बोलता येत नव्हतं ते हेच. त्यांनी ग्राफ तसाच मागावर चढवला. पुस्तकातली चौकट वाचकाच्या हातात असते, तो तिच्यावर अर्धा सेकंद घालवेल नाही तर पाच मिनिटं. पडद्यावर तीच चौकट घड्याळाच्या हातात जाते. तेव्हा चित्र तेच ठेवून चालणार नाही. ते जे काम करतंय ते शाबूत राहायला हवं, मग चित्र वाकडं करावं लागलं तरी बेहत्तर.

लगेच केलेला बदल: फोटोची चौकट पुस्तकात जशी आहे तशी कुठेच वापरायची नाही. पुस्तकात ती पुन्हा पुन्हा येते आणि वाचक स्वतः मागे जाऊन ताडतो. पडद्यावर मागे जाता येत नाही, म्हणून मागे नेण्याचं काम आवाजानं करायचं. फोटोचा स्वतःचा एक आवाज हवा. कुठला, ते अजून ठरलं नाही.

४ जानेवारी २०२६

ठोका मिळाला, तोही कारखान्यातच. घड्याळाची टिकटिक घ्यायची नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. घड्याळजीच्या गोष्टीला टिकटिक म्हणजे फारच स्वस्तातलं काम. मागाचा खटका मोजला तर मिनिटाला शंभराच्या आसपास पडतो. तीन खटक्यांना एक चौकट, म्हणजे पावणेदोन-दोन सेकंद. पुस्तकात दोन चौकटी जोडून एक केली असेल तिथे सहा, अख्खी ओळ एक असेल तिथे नऊ. आवाज ऐकू येऊ द्यायचा नाही, फक्त त्यावर कापायचं.

पहिली चार पानं अशी कापली. उत्तम! पाचव्यापासून यंत्र बोलतंय असं वाटायला लागलं. मग जेनीबरोबरच्या प्रसंगांत ठोका सोडून दिला आणि मंगळावर परत आलो की पुन्हा पकडला. १९५९ मध्ये तो अजून माणूस आहे, त्याचा वेळ आपल्यासारखा लांब-आखूड होतो. दारामागे अडकल्यानंतरचं मात्र सगळं खटक्यावर.

रंगाबद्दलही ठरलं. भूतकाळ म्हणून पिवळट किंवा कृष्णधवल काहीही करायचं नाही. पडद्यावर जे दिसतं ते दिसतं त्या क्षणी घडत असतं. "हे पूर्वीचं बरं का" असं सांगायला आपण रंग उडवतो, धुकं सोडतो. या माणसाला 'पूर्वी' नाहीच, मग रंग कशाला उडवायचा? मूळ रंगकार जॉन हिगिन्स यांनीही नेहमीचे भडक लाल-निळे-पिवळे सोडून जांभळा, नारिंगी, हिरवा असे मिश्र रंग धरले. गुलाबी मंगळावर निळा माणूस उठतो तो त्यामुळेच. मैत्रीण तीच जोडी सगळ्या वर्षांत थोडी थोडी पेरणार आहे.

१२ जानेवारी

काम नाही. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी अभिवादनाची गर्दी होती, तिथून मित्राकडे गेलो आणि विषय निघालाच.

'वॉचमेन'वरची २०१९ ची नऊ भागांची मालिका. डेमन लिंडेलॉफनी पुस्तकातली एकही चौकट पुन्हा चित्रित करत न बसता त्याच जगात चौतीस वर्षं पुढची गोष्ट सांगितली, आणि सुरुवात केली अमेरिकेतल्या १९२१ च्या टल्सापासून, तिथल्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर झालेल्या हल्ल्यापासून. मुखवटा कोण घालतो आणि का, हा पुस्तकातला प्रश्न त्यांनी खऱ्या इतिहासाला नेऊन जोडला. ग्राफ फेकून दिला, सूत तेच ठेवलं, असं काका म्हणाले असते.

मित्र म्हणाला, "आपल्याकडे १९३० आहे की." आहेच. सोलापुरातला मे महिन्यातला इंग्रजांचा गोळीबार, मग मार्शल लॉ, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. मैत्रिणीनं तिथेच एक गिरणी कामगार रेखाटला, तोंडाला सुती पंचा बांधलेला. मी वही मिटवली. हे करायचं तर वर्षभराचं काम, आणि आधी वाचनालयात बसायला हवं. तोंडाला पंचा बांधून इतिहास होत नाही. पण रेखाटन फाडलं नाही, फाइलला लावलंय.

१८ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. होम मैदानावर संध्याकाळी सहा ते रात्री दहा रेकॉर्डिंग. पॅलिसेड्स पार्क म्हणून हाच आवाज वापरायचा. पाळण्याची मोटर, फिरत्या घोड्यांचं करकरणं, मृत्यूगोलातल्या मोटारसायकली, भाग्यश्री बटाटेवड्यासारखं खाण्याचं काही ओरडून विकणारे, हरवलेल्या पोरांच्या घोषणा. घोषणा मराठीत, कन्नडमध्ये, तेलुगूतही. त्या वापरता येणार नाहीत; न्यू जर्सीत कन्नड घोषणा म्हणजे अवघड. तरी मित्रानं सगळ्या भरून घेतल्या.

फोटोचा आवाज इथेच सापडला. पाळणा थांबताना लोखंडावर लोखंड घासून एक लांब आवाज येतो, वरून खाली उतरत जाणारा. तेवढाच कापला, गर्दी काढून टाकली. फोटो मंगळावर हातात आला की हा आवाज अगदी बारीक. जत्रेत पहिल्यांदा फोटो काढताना तोच पूर्ण. क्रम उलटा आहे: प्रेक्षक आधी तो बारीक ऐकतो, कुठला ते कळत नाही, आणि मग जत्रेत पोचल्यावर कळतं. पुस्तकातलं पान मागे उलटणं ते हेच. पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं आणि दर वेळी लागू पडलं.

२७ जानेवारी

निवेदन. आवाज सरांचा. निवृत्त शिक्षक, राज्य नाट्य स्पर्धेत हयात गेलेली, हुतात्मा स्मृती मंदिरात माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा गळा. नेमकी तीच अडचण. पहिलं वाक्य असं आलं, की मंगळ हादरावा.

सरांनी विचारलं, "हा माणूस बोलतोय कुणाशी?"

कुणाशीच नाही, म्हणालो.

"मग बोलतोय कशाला?"

याला उत्तर नव्हतं. सर वाक्य कितीही सपाट करायला गेले तरी शेवटाकडे आवाज चढायचा, कारण पुढे स्फोट आहे हे त्यांना ठाऊक. कसलेला नट शेवटाकडे चढणारच, त्याचा दोष नाही.

मैत्रिणीनं तोडगा काढला. निवेदनाची एकेक वाक्यं चिठ्ठ्यांवर लिहून पत्त्यांसारखी पिसली आणि सरांपुढे ठेवली. येईल ती चिठ्ठी वाचायची, पुढची कुठली ते माहीत नाही. १९८५ नंतर १९४५, मग जेनी, मग पुन्हा मंगळ. दहाव्या चिठ्ठीच्या आसपास आवाजातला चढ गेला. दुःखही गेलं नाही, नाटकही उरलं नाही. प्रत्येक वाक्य आपल्या जागी एकटं. नंतर मी ती गोष्टीच्या क्रमानं लावली, आणि ऐकताना तिघंही गप्प.

सर उठताना म्हणाले, "पन्नास वर्षं पाठांतर केलं रे, आणि तू चिठ्ठ्या वाचायला लावतोस." पण पुढच्या वेळी कधी, हेही त्यांनीच विचारलं.

३ फेब्रुवारी

पहिली पूर्ण प्रत लावली. तेरा मिनिटांच्या थोडी वर. व्हिएतनाम नाही, मुखवटेवाल्यांची बैठक नाही, केनेडी-निक्सन नाहीत. अंकामागचा प्राध्यापकाचा लेखही सोडला. त्यातलं एक वाक्य तरी घ्या असा मित्राचा आग्रह होता, पण निवेदनात दुसरा आवाज आला की पहिल्याची एकटेपणाची पकड सुटते. जाडा माणूस आहे, पूर्ण नऊ खटके.

काकांना दाखवलं. पुस्तक त्यांनी वाचलेलं नाही, इंग्रजी वाचत नाहीत. मधे एकदा त्यांनी थांबवायला सांगून विचारलं, "फोटो पडला का अजून पडायचाय?" मित्र म्हणाला, दोन्ही. काका म्हणाले, "मग बरोबर आहे. लाव पुढं."

शेवटी काचेचा महाल वाळूतून वर येतो तो भाग लांबला, असं त्यांचं मत. माझंही. तिथे मैत्रिणीनं काढलेली चित्रं इतकी देखणी आहेत, की कापायला हात होत नव्हता. उद्या कापतो. तिला सांगितलंय, ती बोलत नाहीये.

राहिलेलं: तिहेरी पडद्याच्या दुसऱ्या जागी मधली चौकट अर्धा खटका उशिरा येते, ती सरकवायची. सरांची मखमलीवाली चिठ्ठी पुन्हा घ्यायची, मागे कारखान्यातला माग सुरू झालेला ऐकू येतोय. त्यासाठी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी सरांना बोलावलंय. दोन्ही हार्ड डिस्कवर प्रत टाकली, एक मित्राकडे, एक माझ्याकडे. गड्ड्यातल्या कन्नड-तेलुगू घोषणा वेगळ्या फोल्डरमध्ये, १९३० च्या रेखाटनाशेजारी.